न्यायाधीश प्रशिक्षणाला गेले आणि तारीख पुढे गेली : हे प्रशिक्षण नेमके कशासाठी असते?

प्रश्नकर्ता : बांधावरचा

नमस्कार मंडळी. आमच्या शेतजमिनीच्या वाटपाचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात नऊ वर्षे चालू आहे. एका बाजूला माझे वडील आणि काका, दुसऱ्या बाजूला माझ्या दोन आत्या, असा हा घरातलाच वाद आहे. मागच्या महिन्यात थोरल्या आत्याची उलटतपासणी व्हायची होती. ती शहात्तर वर्षांची आहे, गुडघ्यांनी हैराण आहे. मुलाने तिला सकाळच्या एसटीने आणले आणि साडेदहापासून ती बाहेरच्या बाकावर बसून होती. साडेअकराच्या सुमारास शिपायाने सांगितले की साहेब आठवडाभर प्रशिक्षणाला गेले आहेत, न्यायालयाचा प्रभार दुसऱ्या साहेबांकडे आहे आणि साक्षीची कामे पुढच्या तारखेलाच होतील. पुढची तारीख सात आठवड्यांनंतरची मिळाली. ती दाव्यात आमच्या विरुद्ध असली, तरी तिला पुन्हा एसटीत चढताना पाहून मला फार वाईट वाटले.

कायद्याची पदवी घेऊन, एवढी अवघड परीक्षा उत्तीर्ण होऊन जो माणूस न्यायासनावर बसतो, त्याला पुन्हा शिकायला कशासाठी जावे लागते? तिथे काय शिकवतात, आणि त्याचा आमच्यासारख्या पक्षकारांना काही उपयोग होतो का? मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : निवृत्त न्यायिक अधिकारी

आपल्या आत्याबाईंना झालेला त्रास टाळता आला असता, आणि त्याबद्दल नंतर लिहितो. आधी प्रशिक्षणाविषयी.

मी रुजू झालो तेव्हा वरिष्ठ न्यायाधीशांच्या शेजारी काही दिवस बसणे, एवढेच प्रशिक्षण होते. पहिल्याच वर्षी एका आरोपीला कबुलीजबाबासाठी माझ्यासमोर आणले गेले. मी कागद पुढे ओढून लिहायला सुरुवात करणार, तेवढ्यात शिरस्तेदार, म्हणजे न्यायालयाचे ज्येष्ठ कर्मचारी, हळूच म्हणाले, ‘साहेब, दारात हवालदार उभा आहे.’ पोलिसांच्या धाकाखाली कबुली घेता येत नाही, म्हणून मी हवालदारांना बाहेर पाठवले, दार लावून घेतले आणि आरोपीला सांगितले की कबुली देण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही, दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. विचार करायला वेळ मिळाल्यावर त्या मुलाने कबुली देण्यास नकार दिला. शिरस्तेदार त्या दिवशी रजेवर असते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. ही गोष्ट मला संस्थेने शिकवायला हवी होती.

विधी आयोगाने १९८६ साली आपला ११७ वा अहवाल याच विषयावर दिला. नंतर अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९१ च्या निकालात केंद्रात आणि प्रत्येक राज्यात सेवांतर्गत प्रशिक्षणाची संस्था उभी करण्याचा आदेश दिला. भोपाळची राष्ट्रीय न्यायिक अकादमी १९९३ साली नोंदली गेली. आपल्याकडे भाईंदरजवळ उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. जिल्हा न्यायव्यवस्थेवरचे नियंत्रण संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाकडे असल्यामुळे न्यायाधीशांना काय शिकवावे हे सरकारने ठरवायचे नसते, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आणि त्याच निकालात हेही सांगितले की निवड झालेल्याने न्यायासनावर बसण्यापूर्वी किमान एक वर्ष प्रशिक्षण घेतलेच पाहिजे.

पण आपला प्रश्न नोकरीत मुरलेल्या न्यायाधीशांविषयी आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच दाव्याच्या विषयात आहे. आपल्या प्रकरणातले कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यावर मत देत नाही. मुलींच्या हक्काचा कायदा किती वेळा बदलला, तेवढेच पाहा. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना सहदायिकाचा, म्हणजे मुलाप्रमाणे जन्मतः वाटेकरी असण्याचा, हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित मुलीही आल्या. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या तारखेला वडील हयात असायला हवेत. २०१८ साली दुसऱ्या खंडपीठाच्या निकालाने वेगळा सूर लावला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला की मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असण्याची गरज नाही. ज्या न्यायाधीशांनी १९९३ साली पदवी घेतली, त्यांना विद्यापीठाने यातले एक अक्षरही शिकवलेले नाही. अशा दाव्यात जुन्या समजुतीने निकाल लागला, तर अपिलात आणखी किती वर्षे जातील याचा हिशेब सात आठवड्यांशी करून पाहावा.

उत्तर २ : तालुका कोर्टातला वकील

साहेबांनी दिवाणी बाजू सांगितली, मी फौजदारी बाजूचे लिहितो. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले, पण त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागू राहते. म्हणजे एकाच दिवसाच्या बोर्डावर (त्या दिवशीच्या कामांच्या यादीवर) दोन्ही कायद्यांची प्रकरणे असतात, आणि ही स्थिती पुढची कितीतरी वर्षे राहणार आहे. वर्षानुवर्षे ‘चारशे ब्याऐंशी’ म्हटले की जुन्या प्रक्रिया संहितेचे ते कलम, म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार असे आम्ही समजत होतो; नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याच क्रमांकावर अटकपूर्व जामीन आहे. आकडे पाठ करून भागते, पण तिच्याच कलम १८७ मध्ये पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागण्याची सोय झाली आहे, आणि रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांनी त्याचा हिशेब चुकवला तर माणूस नाहक कोठडीत जातो.

दुसरा विषय मोबाइलमधल्या पुराव्याचा. तो कोणत्या यंत्रातून कसा काढला हे सांगणारे प्रमाणपत्र लागते की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाचा कायदा २००५, २०१४, २०१८ आणि २०२० अशा चार टप्प्यांनी फिरला. शेवटचा निकाल आपल्या जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून आला. उमेदवारी अर्ज मुदतीत आले की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्यांच्या दालनातल्या चित्रीकरणावरून ठरायचे होते, आणि वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळत नव्हते. न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्यच ठरवले, पण ते ज्याच्या हातात आहे तो देत नसेल तर न्यायाधीशाने ते मागवून द्यावे, असेही सांगितले. आता नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते आणि त्यात फाइलचा ‘हॅश’ लिहावा लागतो. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी हा आकडे-अक्षरांचा ठसा बदलतो. मी एकदा ध्वनिफीत दाखल केली तेव्हा हा ठसा म्हणजे काय, हे भर न्यायालयात समजावण्यात अर्धा तास गेला. म्हणून माझे म्हणणे आहे की या प्रशिक्षणात निवृत्त न्यायमूर्तींच्या व्याख्यानांपेक्षा प्रयोगशाळेत काम करणारी माणसे जास्त यावीत, आणि न्यायाधीशांनी एखादी फाइल स्वतःच्या हाताने तपासून पाहावी.

एक तक्रारही आहे. जामिनाचे निर्देश न पाळणाऱ्या दंडाधिकाऱ्यांचे काम काढून घेऊन त्यांना न्यायिक अकादमीत पाठवावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले. हेतू चांगला असला, तरी शिक्षण ही शिक्षा ठरली तर मन लावून कोण शिकेल?

उत्तर ३ : साक्षीदारांची ताई

मी अत्याचारग्रस्त मुलांना साक्षीसाठी तयार करण्याचे काम करते. मला कायद्याची कलमे कमी कळतात, पण न्यायाधीश मुलाशी कसे बोलतात ते मी रोज पाहते. एका सुनावणीत आठ वर्षांची मुलगी उत्तर देईना, तेव्हा न्यायाधीश मॅडमनी प्रश्न थांबवले, तिला पाणी दिले आणि तिच्या हातातल्या रंगीत पेन्सिलीचा रंग विचारला. पाच मिनिटांनी मुलगी बोलू लागली. मॅडम नंतर म्हणाल्या की मुलांशी लहान वाक्यांत आणि एका वेळी एकच गोष्ट विचारून बोलायचे, हे त्या प्रशिक्षणातच शिकल्या. हे अंगच्या चांगुलपणावर सोडून भागत नाही. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेशात विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना फिर्यादी महिलेकडून राखी बांधून घेण्याची अट घातली गेली होती. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि अशा विषयातली संवेदनशीलता न्यायाधीशांच्या पायाभूत प्रशिक्षणाचा भाग करण्यास सांगितले. ज्या बाईने तक्रार केली, तिच्याच दारात आरोपी मिठाई घेऊन जाणार होता. पुढे जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी (लहान मुले, अत्याचारग्रस्त अशांसाठी) स्वतंत्र साक्षकेंद्रे आणि त्यासाठीचे प्रशिक्षण यांचे निर्देश दिले.

प्रश्नकर्ता : बांधावरचा

सर्वांचे मनापासून आभार. १९९४ आणि २००५ चा फरक वाचून मला आत्यांची बाजू पहिल्यांदा नीट समजली. दोघींची लग्ने १९९४ च्या आधीची आहेत, आणि आमच्या घरात ‘त्यांचा हक्कच नाही’ असेच बोलले जायचे. पण साहेब, प्रशिक्षणाची तारीख आधी ठाऊक असते ना? मग साक्षीदाराला निरोप का जात नाही?

उत्तर ४ : निवृत्त न्यायिक अधिकारी

तारीख आधी कळते, आणि निरोप जायलाच हवा. आदेश हाती आला की त्या आठवड्याच्या बोर्डावरची साक्षीची कामे शोधून दोन्ही वकिलांना कळवण्यासाठी लिपिकाला एक दुपार पुरते. मी जिल्ह्याला असताना हे करून घेत असे. वयस्कर साक्षीदारांची नावे वेगळ्या कागदावर काढून घ्यायचो. आपल्या वकिलांमार्फत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना तसे विनंतीपत्र द्यावे, आणि आत्याबाईंच्या वयाचा व प्रकृतीचा उल्लेख करून कोर्ट कमिशनरमार्फत, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीमार्फत, त्यांच्या घरीच साक्ष नोंदवण्याचा अर्ज त्यांच्या वकिलांना करता येईल. आपल्या बाजूने त्याला हरकत घेऊ नये, एवढी विनंती.

आणखी एक. घरातल्या वाटपाचा वाद मध्यस्थीकडे पाठवण्याची विनंती दोन्ही बाजूंना कोणत्याही टप्प्यावर करता येते. प्रशिक्षित मध्यस्थाने किमान चाळीस तासांचे प्रशिक्षण घेतलेले असते, आणि तिथे जे बोलले जाते ते दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही.

प्रश्नकर्ता : बांधावरचा

वडिलांशी आज रात्री बोलतो. आत्याकडे रविवारी मी स्वतः जाणार आहे; साक्ष घरी नोंदवायला आमची हरकत नाही, हे तिला आधी सांगायचे आहे.