मदत हवी आहे: हळदीच्या शूटिंगची डीव्हीडी 1 तास 19 मिनिटांवर अडकते

नमस्कार मंडळी,

नागपुरातून, मानेवाड्याहून लिहितो आहे. 2006 मध्ये ताईचं लग्न झालं. शूटिंगवाल्यानं कॅसेटवरून तीन डीव्हीडी करून दिल्या होत्या. त्यातल्या दोन गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरवर नीट उतरल्या. पहिली, मांडव आणि हळदीची, उतरत नाही. आणि मला तीच हवी आहे. तिच्यात आजी जात्याशी बसून हळद दळताना ओव्या म्हणते. आजी 2011 मध्ये गेली. तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही. मूळ कॅसेट शूटिंगवाल्याकडेच राहिली आणि त्याचं दुकान बंद होऊन खूप वर्षं झाली.

डेस्कटॉप आहे, विंडोज 10, आतच बसवलेला डीव्हीडी रायटर. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरनं केलं तर काम पूर्ण झाल्यासारखं दाखवतो, पण फाइल 1 तास 19 मिनिटांचीच निघते, डिस्क मात्र दोन तासांची आहे. मग डिस्कच्या व्हिडिओ टीएस फोल्डरमधल्या व्हीओबी फाइली, म्हणजे व्हिडिओचे तुकडे, थेट हार्ड डिस्कवर ओढून पाहिल्या. पहिल्या दोन आल्या, तिसरीवर 'सायक्लिक रिडंडन्सी चेक'चा एरर, म्हणजे डेटा नीट वाचता येत नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये डिस्क चालवली की त्याच जागी चित्राचे चौकोन होतात, ड्राइव्ह आतून घरघरत राहतो आणि शेवटी सगळंच गोठतं. आजी पडद्यावर येते 1 तास 24 मिनिटांच्या आसपास, म्हणजे अडकण्याच्या पाचच मिनिटं पुढे. घरच्या टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरवर दोन वर्षांपूर्वी ती दिसली होती. बांगड्या खुंट्यावर वाजतात तो आवाजसुद्धा येत होता. आता प्लेअरही बिघडला.

सीताबर्डीवर एका दुकानात दाखवली. डिस्क मेली, फेकून द्या म्हणाले. मला ते पटत नाही. चमकत्या बाजूला केसाएवढे दोन-तीन ओरखडे आहेत, बाकी स्वच्छ. वरच्या बाजूला ताई-भाऊजींच्या फोटोचं गोल कागदी स्टिकर चिकटवलेलं आहे. काय करू?

प्रतिसाद 1

भाऊ, फेकू नका. सगळ्यात आधी एक काम करा, ती डिस्क पुन्हा पुन्हा चालवून पाहणं थांबवा.

ओरखड्यांपेक्षा मला त्या स्टिकरचा संशय येऊन राहिला. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, मध्ये डेटाचा थर. एका बाजूला कागद असला की तो ओल धरतो, उन्हाळ्यात सुकतो, आक्रसतो आणि चकतीला बाक येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या वर आणि खोलीत दिवसभर कूलरची ओल, म्हणजे हे दरवर्षी होणार. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, आणि बाक सर्वात जास्त बाहेरच्या कडेला असतो. म्हणून सुरुवातीचा तासभर बरा जातो आणि पुढे लेझरचा नेम चुकतो. तुमच्या दोन फाइली पूर्ण येऊन तिसरी अडकली, ते याच्याशी जुळतं. एकेक व्हीओबी 1 जीबीपेक्षा किंचित लहान असते, तेव्हा तिसरी म्हणजे डिस्कचा अर्धा भाग ओलांडून पुढे. डिस्क सपाट काचेवर ठेवून डोळ्याच्या रेषेत धरा, कड उचललेली दिसते का ते बघा.

स्टिकर मात्र सोलू नका. त्याबरोबर चकतीचे थर सुटले तर मग खरंच काही उरणार नाही. टूथपेस्टही लावू नका. मऊ सुती कापड थोडं ओलं करून मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. गोल पुसताना चरा पडला तर तो डेटाच्या वाटेनंच लांबत जातो.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर हँडब्रेक बॅकअपसाठी नाहीच, ते रूपांतर करतं. न वाचता आलेली जागा आली की फाइल तिथेच संपवतं. तुम्हाला आधी पूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा हवी, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल एका फाइलमध्ये. पेन ड्राइव्हवरून उबंटू (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) सुरू करा आणि त्यात खराब डिस्क वाचणारं डीडीरेस्क्यू वापरा. ते सोपे भाग आधी उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं आणि कुठे काय राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या डेटाच्या एका छोट्या कप्प्याचा, आकार 2048 बाइट द्या, पहिल्या फेरीत खराब जागा खरवडायला, म्हणजे कप्पा कप्पा करून वाचायला, लावू नका. आयएसओ आणि मॅप दोन्ही हार्ड डिस्कवर ठेवा. पेन ड्राइव्हवरच्या उबंटूत ठेवाल तर बंद करताच जातील. आणि विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून शटडाऊन करा, नाहीतर उबंटू त्या हार्ड डिस्कवर लिहू देणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. तीच मॅप फाइल घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर डीडीरेस्क्यू चालवलं की ते फक्त राहिलेल्या जागाच वाचायला जातं. एका ड्राइव्हला न दिसलेला सेक्टर दुसऱ्याला दिसतो, हे मी माझ्या मुलाच्या बारशाच्या डिस्कवर पाहिलं आहे. एका ड्राइव्हवर हट्ट धरून बसू नका.

धागाकर्ता

दादा, काचेवर ठेवून पाहिली. एका बाजूनं नख आत जाईल एवढी कड उचललेली आहे. ही डिस्क इतकी वर्षं कूलरच्या खिडकीशेजारच्या कपाटात होती, हे तुमचं वाचल्यावर लक्षात आलं. उरलेल्या दोघी वरच्या लोखंडी पेटीत होत्या.

काल रात्री पहिली फेरी केली. चार तास लागले, 38 एमबी वाचायचं राहिलं. सकाळी डिस्क पुसून उलट्या दिशेनं, म्हणजे शेवटाकडून वाचायला लावलं, 11 एमबीवर आलं. मग शेजारच्या काकांचा लॅपटॉप आणला, त्यात आतला ड्राइव्ह आहे. तीच मॅप फाइल दिली. आता 2.4 एमबी राहिलं आहे.

आयएसओ व्हीएलसीमध्ये उघडली. 1 तास 19 मिनिटांवर चित्र फाटतं आणि पुढे जातं! आजी दिसली. आई बाजूला उभी होती, तिनं आवाज मोठा करायला सांगितला आणि मग तिथेच खाली बसली. पहिली ओवी पूर्ण आहे. दुसरीच्या मधोमध आवाज तुटतो, तिसरी पुन्हा नीट. हिशोब केला तर या डिस्कवर सेकंदाला साधारण 0.6 एमबी जातं, म्हणजे एकंदर चार सेकंद गेले आहेत, तेही विखुरलेले. पण त्यातला थोडा भाग नेमका दुसऱ्या ओवीवर आला. ती ओवी आईलाही आठवत नाही.

आयएसओच्या दोन प्रती करून ठेवल्या, एक पुण्याला ताईकडे पाठवली. रूपांतर नंतर बघतो. चित्र 720 बाय 576चं आहे आणि हात हलले की आडव्या रेषा दिसतात, त्यासाठी डीइंटरलेस करावं, म्हणजे त्या रेषा काढाव्या लागतील एवढं कळलं.

माझं मागणं एवढंच आहे. नागपुरात कोणाकडे वेगळ्या बनावटीचा जुना डीव्हीडी ड्राइव्ह चालू स्थितीत असेल, आतला किंवा यूएसबीचा, तर दोन तासांसाठी द्याल का? डिस्क घेऊन मी तुमच्याकडेच येईन, महाल, इतवारी, सदर, कुठेही. लॅपटॉप आणि मॅप फाइल सोबत आणतो.