मदत हवी आहे: आप्पांची कंबर आणि अ‍ॅक्युपंक्चर. सुईनं आत नक्की काय बदलतं?

मागवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमचे आप्पा, वय ६४. उभा जन्म अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर गेला. कंबर आता कायमचीच धरलेली असते. एमआरआयमध्ये 'वयानुसार झीज' एवढंच आलंय; पायात कळ नाही, मुंग्या नाहीत. बेल्ट झाला, ट्रॅक्शन झालं, शेक झाला. मग कुणीतरी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं आणि आप्पा एका पायावर तयार. कारण काय, तर "आपण कोटणीस डॉक्टरांच्या गावचे!" (कोटणीस सोलापूरचे, १९३८ साली चीनला गेले, हे खरं. पण ते तिथं सर्जन होते. सुयांची विद्या त्यांच्या पथकातले डॉ. बसू पुढं चीनमध्ये शिकले आणि भारतात घेऊन आले. आप्पांना हे सांगून उपयोग नाही.)

पहिल्या वेळी मी शेजारीच उभा होतो. डॉक्टरांनी सुई टोचली आणि चिमटीत धरून एकाच दिशेनं फिरवली. आप्पा म्हणाले, "टोचत नाही रे, पण आत ओढ बसतीय." मग डॉक्टरांनी सुई जराशी वर ओढून दाखवली, तर सुटेना. भोवतालची कातडीच तिच्याबरोबर वर आली. "बघा, धरलं. म्हणजे लागू पडतंय."

हे 'धरणं' म्हणजे काय? स्नायू आखडतो का? आणि त्यानं आत खरंच काही सुधारतं का? पुढच्या सगळ्या बैठकांचे पैसे एकदम भरायला सांगितलेत, म्हणून विचारतोय.

फिजिओ_विजापूरवेस

स्नायू आखडतो असं पूर्वी धरून चालायचे. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात हेलेन लॅन्जव्हिन यांनी यावर बरंच काम केलं. त्यात दिसलं की मुख्यतः सुईला धरते ती कातडीखालची संयोजी ऊती, म्हणजे फॅशियाचा सैलसर थर. त्यात कोलॅजनचे तंतू असतात. तुम्ही मागवाले, लगेच कळेल: कांडीवर सूत गुंडाळावं तसे हे तंतू फिरत्या सुईभोवती गुंडाळले जातात. मग सुई ओढली की अख्खा थर ओढला जातो. आप्पांना बसली ती ओढ हीच.

उंदरांवरच्या प्रयोगात पुढचंही दिसलं. सुई फिरवून तशीच ठेवली की अर्ध्या तासात त्या थरातल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे हे तंतू बनवणाऱ्या पेशी, पसरून चपट्या होतात. म्हणजे ओढ पेशींपर्यंत पोचते.

कंबरेचं म्हणाल तर २००९ मध्ये याच गटानं अल्ट्रासाउंड करून पाहिलं. जुनी कंबरदुखी असलेल्यांच्या कंबरेतला स्नायूंभोवतीचा हा थर दुखणं नसलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जाड निघाला. २०११ मध्ये असं दिसलं की वाकताना या फॅशियाचे पदर एकमेकांवरून सरकतात, ते सरकणंही अशा लोकांत सुमारे २० टक्के कमी असतं. आता जाडीमुळं दुखतं, की दुखतं म्हणून माणूस हालचाल टाळतो आणि मग थर जाड होतो, हे त्या मोजमापावरून ठरत नाही.

शंकासुर

फिजिओसाहेब, बरोबर, पण अर्धंच सांगितलंत. जर्मनीतली २००७ची चाचणी घ्या. ११६२ कंबरदुखीचे रुग्ण. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरनं ४७.६ टक्क्यांना फरक, भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्या खोट्या प्रकारानं ४४.२, आणि औषधं-व्यायाम या नेहमीच्या उपचारानं २७.४. अमेरिकेत २००९ला ६३८ जणांवर तर एका गटाला नळीतून नुसतं टूथपिक टेकवलं होतं. त्यांनाही सुईवाल्यांइतकाच आराम! टूथपिक कातडीत शिरत नाही, म्हणजे कोलॅजन गुंडाळायचा प्रश्नच नाही.

'धरलं' हे खरं. पण 'धरलं म्हणजे लागू पडलं' याला आधार नाही. हे दोन वेगळे मुद्दे आहेत, आणि पैसे दुसऱ्यासाठी मागतायत.

फिजिओ_विजापूरवेस

शंकासुर, मान्य. तरी नेहमीच्या उपचारापेक्षा दोन्ही गट पुढं होते, तेही विसरू नका. ब्रिटनच्या नाईस संस्थेनं २०१६ मध्ये कंबरदुखीला अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका म्हटलं, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी चालेल म्हटलं. त्याच मार्गदर्शनात बेल्ट आणि ट्रॅक्शन मात्र सरसकट देऊ नये असं आहे, आणि आपल्याकडं तेच आधी मिळतं!

सुमनताई

दादा, ते तंतूबिंतू राहू दे. आप्पा रक्त पातळ व्हायची गोळी घेतात का? घेत असतील तर सुया टोचणाऱ्याला आधी सांगा. सुई सीलबंद पाकिटातनं तुमच्यासमोर काढली पाहिजे, एकदा वापरून फेकायची. महाराष्ट्रात यासाठी वेगळी परिषद आहे, तिथली नोंदणी बघायला मागा, लाजू नका. आणि लघवीवर ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडायला लागला, तर सुया-बिया काही नाही, तडक मोठा दवाखाना.

मागवाला_सोलापूर

ताई, बरं झालं विचारलंत. गोळ्यांचं पाकीट बघितलं, त्यावर क्लोपिडोग्रेल लिहिलंय, म्हणजे रक्त पातळ व्हायचीच गोळी. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. आधी हार्टच्या डॉक्टरांना फोन करतो. पैसे एकदम भरत नाही, बैठकीगणिक देतो म्हणून सांगेन. नाही म्हणाले तर राहिलं.

आप्पांना टूथपिकचं वाचून दाखवलं. म्हणाले, "मग घरीच टेकव की, फुकट होईल."

फिजिओसाहेब, अजून एक. आप्पा अजून दुपारपर्यंत मागावर उभे असतात, ऐकत नाहीत. अशा माणसानं व्यायाम कामाआधी करावा की नंतर?