मदत हवी आहे: आजीच्या रानभाज्यांची नोंद कशी ठेवू?

नमस्कार मंडळी. माझं आजोळ जव्हारकडचं. पहिल्या पावसाला आजी शेवळं आणते. बसल्या बसल्या एकेक कोंब उलगडते, आतला पिवळा भाग नखाने काढून फेकते. सोबत काकडाची आंबट फळं हवीतच, नाहीतर घसा खाजतो. भारंगीचा पाला उकडून पाणी टाकून द्यायचं, टाकळा कोवळाच खुडायचा, कडूकंद राखेत शिजवून वाहत्या पाण्यात ठेवायचा. हे सगळं तिच्या हातात आहे, कागदावर कुठेच नाही. ती आता थकलीय आणि मला फार काळजी वाटते.

फोटो आणि आवाज मी मोबाइलवर घेतेय. पण भर पावसात पानं दाबून वाळवली की बुरशी येते, काय करावं? शास्त्रीय नाव नक्की कोणाकडून तपासून घ्यावं? चुकीची ओळख लिहिली तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

आणि मुख्य म्हणजे, २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते. त्यात अशी माहिती कुणी आजीआजोबांच्या नावासकट लिहून घेतलीय का? अर्ज कसा केलात? कृपया स्वतःचा अनुभव सांगा.