मदत हवी आहे: आजीच्या सागवानी ड्रेसिंग टेबलाला स्टेन आणि रंग

सदाशिव पेठेतल्या वाड्यातून आजीचं सागवानी ड्रेसिंग टेबल घरी आणलंय. वरच्या फळीला फक्त वॉलनट स्टेन (लाकडात मुरणारा, रेषा दिसू देणारा अक्रोडी रंग) द्यायचाय, खालचे ड्रॉवर हिरव्या ऑइल पेंटने रंगवायचेत. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवला तर पॉलिश चिकट होऊन कापसाला तांबूस लागलं, म्हणजे लाखेचंच असणार. 80 आणि 120 नंबरचा पॉलिश पेपर मारला, पण ओल्या लोखंडी डब्याचा काळा गोल डाग हलत नाही. अजून घासू की ऑक्झॅलिक ॲसिड (लोखंडाचे काळे डाग काढणारं रसायन) लावू? लाखेचा अंश राहिला तर स्टेन सगळीकडे सारखा बसत नाही, मग तो पूर्ण निघालाय हे कसं ओळखायचं? एका ड्रॉवरच्या आत आजीने खडूने लिहिलेला हिशेब आहे, तो मला पुसू द्यायचा नाही. त्यावर काय मारू? पुण्यातल्या बोहरी आळीच्या बाजारात स्टेन छोट्या डब्यात मिळेल का? पावसाळ्याआधी उरकायचंय, प्लीज सांगा.