उत्तर: तुलना करताना मोठ्या इंग्रजी विशेषणांना 'मोअर' कधी लावायचं?

या प्रश्नावर एकांनी 'सहापेक्षा जास्त अक्षरं असली की मोअर' असं सांगितलंय. मुलांना कृपया हे शिकवू नका. अक्षरं नाही, उच्चाराचे तुकडे (सिलेबल) मोजायचे. 'स्ट्रेंज' लिहिताना लांबलचक, पण उच्चारात एकच तुकडा, म्हणून मोअर न लावता शेवटी ईआर लावून 'स्ट्रेंजर'.

तीन तुकडे असतील तर डोळे झाकून मोअर-मोस्ट: 'मोअर एक्स्पेन्सिव्ह', 'मोस्ट ब्युटिफुल'. ('अनहॅपी'चं मात्र 'अनहॅपिअर' चालतं.)

खरी गंमत दोन तुकड्यांची. आमच्या ठाण्याचंच उदाहरण देते: ठाणे स्टेशन ऐरोलीपेक्षा 'बिझिअर', पण 'मोअर क्राउडेड'. दोन्ही शब्द दोन तुकड्यांचेच! 'बिझी'सारख्या, शेवटी वाय असलेल्या शब्दांचा वाय जाऊन आय येतो आणि पुढे ईआर, ईएसटी लागतं. 'क्राउडेड', 'टायर्ड', 'बोअरिंग' हे क्रियापदांपासून आलेले, त्यांना कायम मोअरच. 'नॅरो'चं 'नॅरोअर' होतं. 'क्लेव्हर', 'सिंपल' ईआर आणि मोअर दोन्हीकडे चालतात, तिथे मार्क कापणं मला तरी पटत नाही.

आणि 'मोअर बेटर' कुठेच नाही. जोर द्यायचाच असेल तर 'मच बेटर' म्हणा.