मदत हवी आहे: कसं सांगू? डिसेंबरच्या आत

वेर्णा_शिफ्ट
लवकर उत्तर हवंय. डिप्रेशनच्या गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. आता सांगणं भाग आहे. समोरून 'तुला काय कमी आहे?' आलं तर काय बोलायचं? ज्यांनी स्वतः कुणाला सांगितलंय त्यांनीच लिहा. 'सकारात्मक राहा' नको, ते पोटभर ऐकून झालंय.

हळदीचं_पान
कुणाला सांगायचंय? डिसेंबरात काय आहे?

फोंड्याचे_मास्तर
निवृत्तीनंतर मला घर खायला उठलं होतं. इगतपुरीला १० दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, मोकळा झालो. गोळ्या सोड आणि नाव नोंदव.

हळदीचं_पान
मास्तर, 'गोळ्या सोड' असं लिहू नका हो. या गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात. माझ्या बहिणीने मनाने बंद केल्या आणि चक्कर, मळमळ, झोपेचं खोबरं. शिवाय शिबिराच्या अर्जातच मानसिक आजार आणि औषधं विचारतात. तुम्ही भरलात ना तो अर्ज?

फोंड्याचे_मास्तर
भरला. मला आजार नव्हता.

हळदीचं_पान
तेच तर म्हणतेय.

कुळागर
आमच्यात असं काही झालं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात, कौल घेतात. उजवा कौल मिळाला की आईवडिलांना सांगायला धीर येतो.

वेर्णा_शिफ्ट
डॉक्टर बांबोळीचे, गोमेकॉजवळच्या (गोवा मेडिकल कॉलेज) मनोविकार संस्थेतले. बसमधून उतरलो की आधी गोमेकॉच्या गेटकडे चालतो, बस गेली की मागे फिरतो. बसमध्ये गावातलं कुणीतरी असतंच. आणि आईचा प्रश्न नाही, पहिल्यांदा तिनेच नेलं होतं.

पणजीचा_पाव
ही संस्था आधी पणजीत आल्तिनोवर होती आणि तिला आबे फारियाचं नाव होतं. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला, संमोहन हा सूचनेचा खेळ आहे हे ओळखणारा माणूस. जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतात आणि बांबोळीचं नाव घेताना आवाज खाली करतात!

हळदीचं_पान
पाव, पुतळा नंतर. वेर्णा, आई नाही तर कोण?

वेर्णा_शिफ्ट
लिहिलं नव्हतं का? जिच्याशी लग्न ठरलंय तिला. रजिस्ट्रारकडे लग्नाच्या नोंदणीची पहिली सही झालीय. डिसेंबरात लग्न.

सही_शिक्का
मग दुसऱ्या सहीची तारीख रजिस्ट्रारकडे विचारून घ्या. जन्मदाखल्यावरचं नावाचं स्पेलिंग आत्ताच तपासा. माझ्या भाच्याचं एका अक्षरासाठी अडलं होतं.

चणेकार
लग्नानंतर सांग. आत्ता सांगितलंस तर मोडेल आणि गावभर होईल.

हळदीचं_पान
चूक! नंतर कळलं तर तिला आजाराचं नाही, लपवल्याचं दुःख होईल. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे डॉक्टरांना त्याची माहिती गुप्त ठेवावी लागते. गावभर करतो तो गाव.

चणेकार
कायदा गावात राहत नाही, ताई. आम्ही राहतो.

मिरामारची_संध्याकाळ
मी त्या मुलीच्या जागी होते, म्हणून लिहिते. साखरपुड्यानंतर नवऱ्याने मला चालता चालता सांगितलं, समोरासमोर बसवून नाही. त्यामुळे मला तोंड लपवायला समुद्र होता. म्हणाला, 'मला डिप्रेशन आहे, औषध चालू आहे. तुला ठरवायला वेळ हवा तर घे.' 'काय कमी आहे' मीही विचारलं. 'कमी काहीच नाही, तरी होतं, मलाही ते पटायला वर्ष गेलं,' एवढंच बोलला. मग मी विचारलं, हे कायमचं का, आणि जीव द्यावासा वाटतो का. पहिल्याला 'माहीत नाही', दुसऱ्याला 'वाटायचं, आता नाही'. त्या 'माहीत नाही'मुळेच माझा विश्वास बसला. पुढच्या ओपीडीला मी बरोबर गेले. चार दिवस रडले, तेही सांगते.

वेर्णा, तुलाही तेच विचारते. जिवाचं काही मनात येतं का? रात्री-अपरात्री आलं तर टेलिमानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ लाव, २४ तास चालू असतं, पैसे पडत नाहीत.

वेर्णा_शिफ्ट
गणेशचवथीच्या आधी यायचं. डॉक्टरांना सांगितलंय, आईलाही. आता नाही. नंबर ठेवतो.

ताई, रविवारी आम्ही दोघं चोडण बेटावर जाणार आहोत. फेरीबोटीत सांगू की पलीकडे उतरल्यावर?

मिरामारची_संध्याकाळ
पलीकडे. फेरीत कान फार.

फोंड्याचे_मास्तर
गोळ्यांचं लिहिलं ते मागे घेतो. रविवारी पोट भरून जा.

सही_शिक्का
स्पेलिंग तपासलं का?