मदत हवी आहे: पिनबॉल मशीनची दुरुस्ती अर्ध्यावर थांबवून पुन्हा कशी सुरू करता?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे 1980च्या दशकातलं एक अमेरिकन पिनबॉल मशीन आहे. ओळखीच्या एकांचं गेम पार्लर बंद झालं, तेव्हा दीड वर्षापूर्वी घेतलं. शंभर किलोच्या वर वजन. चौघांनी मिळून टेम्पोतून उतरवलं आणि कर्वेनगरच्या आमच्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये ठेवलं. लहानपणी सुट्टीत मामाकडे गेलो की तो अशा मशीनवर दोन-तीन डाव खेळवायचा. गोळी बंपरवर, म्हणजे तिला उडवून लावणाऱ्या गोल खुंटावर, आपटते तेव्हाचा तो खटखट आवाज अजून कानात आहे, म्हणून हे मशीन मला चालू झालेलं बघायचंच आहे.

बरंच काम झालंय. मेन बोर्डावरचे तीन पेन्सिल सेल गळून आजूबाजूचा ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, हिरवा पडला होता. सेल काढले, जागा व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केली, तुटलेले ट्रॅक बारीक वायरने जोडले. ट्रान्सफॉर्मरच्या जोडण्या आधीच्या मालकाने 230 व्होल्टला बदलून घेतल्या होत्या, त्यामुळे ती चिंता नव्हती. आता अडलंय ते मधल्या बंपरवर.

घरची परिस्थिती सांगतो, कारण प्रश्न तिथेच आहे. मी भोसरीला कामाला, सुट्टी गुरुवारी. बायको हिंजवडीला, तिची सुट्टी शनिवार-रविवार. मुलगी सात वर्षांची, मुलगा अडीचचा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, संध्याकाळचे व्यायाम मी करून घेतो. सगळं आवरून हाताशी वेळ येतो तो रात्री दहा ते पावणेअकरा. त्यातली पहिली दहा मिनिटं काच सरकवून सोफ्यामागे उभी करण्यात, गोळी काढण्यात आणि प्लेफील्ड, म्हणजे खेळाची फळी, उचलून टेकवण्यात जातात. शेवटची दहा मिनिटं हेच सगळं उलट करण्यात, कारण सकाळी मुलगा उठायच्या आत मशीन बंद पाहिजे. चाचणी रात्री घेता येत नाही, बंपरच्या दणक्याने खालचे काका-काकू जागे होतील. गुरुवारी मुलं शाळा-पाळणाघरात असतात, पण नेमकी गुरुवारीच दुरुस्तीसाठी वीज जाते. वीज नसली की रबर बदलणं, स्विचचे संपर्क पुसणं, प्लंजर (कॉइलमधला लोखंडी दांडा) स्वच्छ करणं अशी कामं उरकतो.

आता बंपरचं सांगतो. त्याची कॉइल, म्हणजे बंपरला झटका देणारं तारेचं वेटोळं, जळून आतली नायलॉनची नळी वितळली होती. कॉइलच्या कागदावर 23-800 छापलंय, म्हणजे 23 नंबरची तार, 800 वेढे. अशी कॉइल इथे तयार मिळत नाही, म्हणून मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो. इथे एक गोष्ट कळली, ती कुणाच्या तरी उपयोगी पडेल. हे तारेचे नंबर एडब्ल्यूजीचे, म्हणजे अमेरिकन मापाचे, आणि आपल्याकडे रिवाइंडिंगवाले एसडब्ल्यूजीने, म्हणजे ब्रिटिश मापाने, मोजतात. एडब्ल्यूजी 23 ची तार 0.573 मिमी, एसडब्ल्यूजी 23 ची 0.610. नुसतं "23 नंबर" सांगितलं असतं तर जाड तार आली असती आणि 800 वेढे बॉबिनवर मावले नसते. एसडब्ल्यूजी 24, म्हणजे 0.559 मिमीची तार घ्यायला सांगितली. त्यांनी वेढे मोजून, घट्ट, सुंदर गुंडाळून दिली. शेजारच्या बंपरची कॉइल 4.2 ओम दाखवते, नवी 4.4.

ती बसवली त्या रात्री एक वायर डाग देऊन जोडली आणि मुलगा रडत उठला. इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, बंद केली, काच लावली, त्याला थोपटत झोपलो. पुन्हा हात लागला तो पाच दिवसांनी. कॉइलवरच्या डायोडच्या (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) पट्टीच्या टोकाला पॉवरची वायर हवी. पहिली वायर बरोबर टोकालाच जोडली असणार असं धरून मी दुसरी लावली, तपासलं नाही. दोन्ही उलट झाल्या होत्या. रविवारी मुलीसमोर चालू केलं, गोळी बंपरला लागली आणि बंपर उडण्याआधीच सगळं शांत. फ्यूज गेला, ट्रान्झिस्टर शॉर्ट, डायोडही गेला. कॉइल वाचली. टीआयपी 122 हा ट्रान्झिस्टर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळतो, तेव्हा नुकसान पैशांचं फार नाही. पण मुलगी आठवडाभर वाट बघत होती, तिचा चेहरा बघून वाईट वाटलं.

तेव्हापासून फोटो काढतो, पण अंधारात काढलेल्या फोटोत लाल-तपकिरी वायर एकच दिसते. आता वायरीला कागदी चिकटपट्टी लावून वर लिहायला सुरुवात केली आहे. स्क्रू आईच्या जुन्या मिसळणाच्या डब्यात, एका वाटीत एका भागाचे. मुलगी मल्टिमीटरचा आकडा मोठ्याने वाचते आणि वहीत लिहिते. हे तिचं काम तिने स्वतःच ठरवलंय.

ज्यांनी घर-संसार सांभाळून अशी मशीनं दुरुस्त केली आहेत, त्यांना विचारायचंय:

काम मध्येच सोडावं लागलं तर तुम्ही नेमकं काय लिहून ठेवता, जेणेकरून आठ दिवसांनी पहिल्या दोन मिनिटांत धागा सापडेल? आणि अर्धवट डाग दिलेला जोड तसाच ठेवता की सोडवून ठेवता?

दुसरं, बंपरच्या वायरी डाग देऊन जोडण्याऐवजी मध्ये कनेक्टर टाकावा का? मग अख्खा बंपर काढून डायनिंग टेबलवर काम करता येईल, रोज प्लेफील्ड उचलायला नको. भीती एवढीच की कॉइलला एकदम मोठा करंट लागतो आणि सारख्या दणक्यांनी कनेक्टर सैल होऊन तापेल. माझा कल टाकू नये असा आहे, पण वेळ फार वाचेल. कुणी टाकलाय का? किती दिवस टिकला?

तिसरं, पुण्यात कुणी असं काम करत असेल तर गुरुवारी सकाळी अकरा ते तीन मी मोकळा असतो. येऊन बघायला, शिकायला आवडेल. या गुरुवारी ट्रान्झिस्टर बदलणार आहे, त्याआधी कनेक्टरबद्दल कळलं तर बरं होईल, कारण एकदा वायरी पुन्हा जोडल्या की त्या परत सोडवायला माझा पुढचा आठवडा जाईल.